हिवाळ्याची बेगमी

काश्मीरच्या खोऱ्यात हिवाळ्याची गणना दिवसांवर चालते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे थोरली थंडी. तिच्यामागून वीस दिवस चिल्लई खुर्द, म्हणजे धाकटी. आणि सरतेशेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. हा सत्तर दिवसांचा हिशेब मार्चच्या आरंभी पुरा होतो. पहिल्या चाळिशीत नळाचे पाणी नळातच गोठते, दल सरोवराच्या कडांना बर्फाचा पापुद्रा धरतो, आणि या दिवसांत पडलेले बर्फ लवकर वितळत नाही. झऱ्यांचे व नद्यांचे पुढल्या उन्हाळ्याचे पाणी त्यातूनच यावयाचे असल्यामुळे ते तसे टिकावे अशीच शेतकऱ्याची इच्छा असते. परंतु या खोऱ्यातील माणसे हिवाळ्यात कशी जगली आणि कधी कशी मेली याचा शोध घेऊ पाहणाऱ्याला या सत्तर दिवसांकडे पाहून थोडेच समजेल. त्याने तीन महिने मागे जावे, भाद्रपद-आश्विनात पिवळ्या पडू लागलेल्या साळीच्या शेताशी उभे राहावे. कारण समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून उंच असलेल्या, चहूकडून पर्वतांनी वेढलेल्या या प्रदेशात हिवाळ्यातील जीवनमरणाचा निवाडा बर्फ पडण्यापूर्वीच झालेला असतो.

आमच्या कोकणात आगोटीच्या आधी घराघरांतून जी लगबग उडते, सुकी मासळी, मीठ, मिरची, जळाऊ लाकूड हे सारे मृगाच्या आत घरात येऊन पडले पाहिजे असा जो घरधनिणीचा कटाक्ष असतो, तो ज्याने पाहिला आहे त्याला काश्मिरी शरदाची कल्पना करणे अवघड जाणार नाही. भेद इतकाच की कोकणात पावसाळ्यातही वाट अगदीच खुंटत नाही. काश्मिरात मात्र घाट एकदा बर्फाने बुजले की पूर्वी खोऱ्याचा बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटे, आणि आत जे असेल त्यावरच सगळ्यांना भागवावे लागे.

ही भीती किती जुनी आहे ते कल्हणाच्या राजतरंगिणीवरून कळते. बाराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या या ग्रंथाच्या दुसऱ्या तरंगात तुंजीन राजाची कथा आहे. भाद्रपदात, साळी शेतात पिकत असतानाच अवचित हिमवृष्टी झाली, पीक गाडले गेले, आणि दुष्काळाने प्रजेची दैना झाली. राजाने आपला कोश रिता केला, मंत्र्यांची संपत्ती घेतली, आणि तेवढ्यानेही भागेना तेव्हा राणी वाक्पुष्टेच्या पुण्याईने घरोघर आकाशातून मृत कबुतरे पडू लागली व लोक त्यांवर जगले, असे कल्हण सांगतो. कबुतरांची गोष्ट भाविकांसाठी सोडून द्यावी; पण या कथेत संकटाचे जे कारण दिले आहे, वेळेआधी आलेले बर्फ, ते पुढच्या अनेक शतकांत पुनःपुन्हा खरे ठरले, आणि साहाय्याचा जो मार्ग सांगितला आहे, राजाने व श्रीमंतांनी संचय मोकळा करावा, तो पाळला गेला की नाही यावरून त्या त्या राजवटीची पारख करता येते. कल्हणाने ती पारख स्वतःच केली आहे. इ. स. ९१७-१८ मध्ये, राजा पार्थाच्या कारकिर्दीत, पुराने शरदाचे भात नासले आणि वितस्तेचे, म्हणजे झेलमचे, पात्र प्रेतांनी झाकून गेले, तेव्हा मंत्री आणि तंत्री सैनिक आपल्या कोठारांतील तांदूळ चढ्या भावाने विकून गबर झाले, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. याच ग्रंथात सुय्य नावाच्या स्थापत्यकाराचीही हकीकत येते. अवंतिवर्म्याच्या काळी, म्हणजे नवव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याने वितस्तेचा प्रवाह मोकळा केला, बांध घातले, पाणथळ जमीन लागवडीला आणली, आणि दोनशे दीनारांना मिळणारी तांदळाची खारी छत्तीस दीनारांवर आली. मंत्र्यांच्या नफ्याची नोंद आणि सुय्याच्या बांधांची नोंद एकाच लेखणीने केलेली आहे, म्हणून कल्हणाला मी केवळ राजांच्या वंशावळी लिहिणारा समजत नाही. तांदळाच्या भावात राज्य वाचणारा तो इतिहासकार होता.

राजे येत-जात राहिले. घरातील बेगमीचा शिरस्ता मात्र फारसा बदलला नाही. उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून काश्मिरी घरांच्या सज्ज्यांवर आणि छपरांवर भाज्या वाळू लागतात: दुध्याच्या लांब चिरलेल्या फिती, वांग्याच्या उभ्या फोडी, दोऱ्यात माळेसारख्या ओवलेल्या सलगमाच्या चकत्या, आणि त्यांच्या जोडीला सुकी मासळी. या सुकवलेल्या भाज्यांना होख स्यून म्हणतात. बर्फाने वाट अडलेल्या दिवसांत मटण मिळाले तर मटणात, न मिळाले तर नुसत्याच त्या शिजतात. जुन्या घरांच्या उतरत्या छपरांवर भूर्जपत्रांचे थर आणि त्यांवर माती घालीत, जाळीदार खिडक्यांना हिवाळ्यात आतून कागद चिकटवीत, आणि भाताच्या काडापासून विणलेले पुलहोर नावाचे जोडे पायांत घालून बर्फावरून चालत. गवत बर्फावर घसरत नाही हे कोणा चांभाराने सांगण्याची गरज नव्हती.

या सगळ्या बेगमीत कोळशाला जे स्थान आहे ते विस्ताराने सांगण्याजोगे आहे. कार्तिकाच्या सुमारास चिनारांची पाने तांबडी होऊन गळू लागली म्हणजे बायका खराटे घेऊन बाहेर पडतात, पानांचे ढीग करतात आणि त्यांना विस्तव लावतात. पण ज्वाळा उठू देत नाहीत. पान पेटून काळे पडले, पण त्याची राख होण्यापूर्वीच डहाळीने पाणी शिंपडून ते विझवावयाचे, असे हे काम असते, आणि त्यासाठी धुरात तासन्‌तास उभे राहावे लागते. विस्तव जोरात आला तर साऱ्या ढिगाची मूठभर राख उरते, अगोदर विझवला तर पाने कच्ची राहून पुढे खोलीभर धूर करतात. अशा रीतीने झालेला हलका, चुरचुरीत कोळसा पोत्यांत भरून माळ्यावर जातो, आणि पुढचे चार महिने तो कांगडीत जळतो. कांगडी म्हणजे लवचीक डहाळ्यांनी विणलेली टोपली आणि तिच्या पोटात बसविलेले मातीचे भांडे. तळाशी चिनारपानांचा कोळसा, वर लाकडाचा निखारा, आणि त्यावर राखेचे पांघरूण, अशी ती भरली म्हणजे मंद विस्तव पुष्कळ तास टिकतो; विझू लागला तर दोरीने बांधलेल्या लहानशा चमच्याने, चालनने, राख हलवावयाची. फेरन नावाच्या सैल, घोट्यांपर्यंत पोचणाऱ्या झग्याच्या आत हात घालून माणूस ही टोपली पोटाशी धरतो आणि तशीच घेऊन चालतो, बसतो, दुकान चालवितो. चरार-ए-शरीफची आणि बांदिपूरची कांगडी नावाजलेली. नववधूला देण्याच्या कांगडीवर रंगीत विणकाम आणि आरसे असतात, आणि तिला चांदीचे चालन बांधतात.

ही वस्तू मोगल बादशहांच्या परिवारातील इटालियनांनी काश्मिरात आणली, असा एक समज एकोणिसाव्या शतकात प्रचलित होता, कारण इटलीतही कोळशाची हातशेगडी वापरीत. परंतु संस्कृत कोशांत निखाऱ्याच्या पात्राला अनेक नावे आहेत, आणि काश्मिरी संस्कृत काव्यातही अशा पात्राचा उल्लेख मोगलांच्या कितीतरी आधी आलेला आहे. तेव्हा परदेशी उगमाची कल्पना टिकणारी नाही. ज्या प्रदेशात हिवाळा इतका कठीण, तेथील माणसे आपली ऊब दुसऱ्याने येऊन शिकविण्याची वाट पाहत बसली असतील हे मुळातच संभवत नाही. या उबेची किंमतही त्यांनी मोजली. १८६५ साली श्रीनगरास आलेले स्कॉटिश मिशनरी डॉक्टर विल्यम एल्म्स्ली यांनी पुढच्याच वर्षी, कांगडीच्या सततच्या उष्णतेने मांड्यांच्या आतल्या बाजूस आणि पोटावर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. आणि श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील डॉक्टर अर्नेस्ट नेव्ह यांनी आपला प्रदीर्घ अनुभव १९२३ साली ब्रिटिश वैद्यक पत्रिकेतून मांडला. बाह्य उष्णतेच्या सततच्या त्रासाने कर्करोग होतो याचे हे उदाहरण वैद्यकाच्या ग्रंथांतून जगभर गेले. थंडीने मरू नये म्हणून जवळ धरलेल्या साधनाने काही माणसे अशी गेली, आणि अंथरुणात कांगडी उलटून जी घरे जळाली ती निराळीच.

थंडीत शेजाऱ्याची सोय पाहणे हेही या बेगमीचेच अंग होते. मकरसंक्रांतीला काश्मिरी पंडित पितरांच्या नावाने कोळशाने भरलेली कांगडी पुरोहिताला देत. परलोकी गेलेल्यालाही माघातली थंडी वाजत असेल ही त्यामागची भावना मला फार हृद्य वाटते. मुसलमान मोहल्ल्यांत हे कार्य मशिदीच्या हमामाने केले. मशिदीला लागून एक दगडी फरशीची खोली असते. फरशीखालच्या पोकळीत लाकडे पेटवितात, त्याच भट्टीवर तांब्याच्या मोठ्या हंड्यात वजूचे पाणी तापते, आणि फरशी इतकी उबदार होते की म्हातारी माणसे नमाजानंतरही तासन्‌तास तिथे भिंतीला टेकून बसतात. घरी जळण नसलेल्याने तेथे येऊन बसावे, कोणी त्याला विचारीत नाही. हमामासाठी लाकूड मोहल्ल्याच्या वर्गणीतून, पानगळीच्या आतच, विकत घेऊन रचून ठेवतात. सरकारी निवाऱ्याची कल्पना निघण्यापूर्वी गरिबाला हिवाळ्यात ऊब देणारी सार्वजनिक जागा शहराच्या प्रत्येक भागात होती, आणि ती चालविणाऱ्यांनी तिला दानधर्म असे भारदस्त नावही दिले नव्हते.

सरकारची बेगमी ही मात्र वेगळ्या जातीची होती. शीख अंमलात आणि १८४६ नंतरच्या डोग्रा अंमलात शेतसारा बव्हंशी जिनसाच्या रूपाने घेतला जाई. कापणीनंतर शाली, म्हणजे साळ, सरकारी कोठारांत जमा व्हावयाची. तिचे माप खरवार, म्हणजे गाढवाच्या एका ओझ्याइतके. आणि ती बहच नावाच्या अवजड होड्यांतून, हांजी लोकांच्या वल्ह्यांवर, वितस्तेवरून श्रीनगरला यावयाची. तेथे सरकार ती ठरावीक स्वस्त दराने शहरवासीयांना विके. वरवर पाहता ही मोठी लोकोपकारक व्यवस्था होती, आणि श्रीनगरचा शालविणकर किंवा कारकून तिला आपला हक्कच मानी. परंतु १८८९ साली जमाबंदीच्या कामावर नेमलेल्या वॉल्टर लॉरेन्स यांनी खेडोपाडी फिरून जे पाहिले, आणि १८९५ साली ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ या ग्रंथात जे लिहिले, त्यावरून या स्वस्ताईची दुसरी बाजू उघड झाली. शहराचे पोट भरण्यासाठी खेड्यांतून हवे तेवढे धान्य हव्या त्या दराने उचलले जाई, मापात आणि वाहतुकीत अंमलदारांचे हात ओले होत, आणि ज्याने भात पिकविले त्याच्या घरात हिवाळ्यापुरतेही ते उरत नसे. कोठार भरलेले असणे आणि रयत पोसलेली असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे लॉरेन्स यांच्याइतके स्पष्टपणे त्या दरबारात त्यापूर्वी कोणी सांगितले नसावे.

जनश्रुतीत एकोणीस मोठे दुष्काळ मोजले जात, आणि शरदातले पीक उभे असताना पडलेले अकाली बर्फ किंवा पावसाची झड हेच त्यांचे कारण, असे लॉरेन्स लिहितात. शीख अंमलात, १८३१ च्या सुमारास, शेरसिंगाच्या सुभेदारीत असाच एक दुष्काळ पडला. त्याने आठ लाखांची वस्ती दोन लाखांवर आली असे लोक सांगत. हे आकडे जसेच्या तसे घ्यावेत असे मी म्हणणार नाही. परंतु तीन वर्षांनी सुभेदार म्हणून आलेल्या कर्नल मिहानसिंगाने जे केले ते पाहता संकट भयंकर होते यात शंका राहत नाही. त्याने पंजाबातून धान्य आणविले, शेतकऱ्यांना बीबियाणे आणि तगाई दिली, कोंबड्यासुद्धा बाहेरून आणून वाटल्या, कारण खोऱ्यात त्यांचा वंश उरला नव्हता. १८४१ मध्ये बंडखोर शिपायांनी त्याला ठार मारले. शीख अंमलातील दहा सुभेदारांपैकी याचेच नाव काश्मिरी लोक प्रेमाने घेत, आणि ते ज्या कारणासाठी घेत ते कोंबडीच्या अंड्याइतके साधे होते.

१८७७ चा दुष्काळ मात्र निव्वळ आकाशातून पडलेला नव्हता. महाराजा रणबीरसिंगाच्या कारकिर्दीत, त्या वर्षी शरदात, साळ कापणीला आली असताना पावसाची झड लागली. शिरस्ता असा होता की सरकारचा हिस्सा अजमावल्याखेरीज, म्हणजे अंमलदाराने येऊन उभ्या पिकाचा अंदाज केल्याखेरीज, रयतेने विळा लावू नये. चोरी होईल ही भीती. पाऊस थांबेना, अंमलदार येईना, आणि भात शेतात कुजले. त्या दिवसांत कोणाही शेतकऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार केला म्हणजे जीव कासावीस होतो: ढग दिसत आहेत, पीक तयार आहे, घरात विळा आहे, आणि हात लावण्याची परवानगी नाही. पुढला हिवाळा लोकांनी कसाबसा काढला. पण त्यानंतरच्या वर्षी बियाणेच नव्हते, बैल विकले गेले होते, आणि १८७९ पर्यंत माणसे मरत राहिली. खोऱ्याबाहेर जाण्यास राहदारीचा परवाना लागे आणि नाक्यांवर शिपाई बसलेले असत, त्यामुळे पळून जाऊन जीव वाचविण्याची वाटही पुष्कळ काळ बंद होती. ती मोकळी झाल्यावर अशक्त माणसे बायकामुलांसह घाट चढू लागली आणि वाटेतच पडली. पंजाबात धान्य होते, दरबाराने ते घेतलेही. परंतु खोऱ्यात गाडीरस्ता नव्हता, सगळे तट्टांच्या आणि हमालांच्या पाठीवरून यावयाचे, आणि जे आले तेही सगळे भुकेलेल्यापर्यंत पोचले नाही. श्रीनगरची वस्ती १,२७,४०० वरून ६०,००० वर आली असा अंदाज लॉरेन्स यांनी नोंदविला आहे, आणि साऱ्या खोऱ्यात पाचांपैकी दोघेच वाचले असे म्हणणारे लोकही त्यांना भेटले होते. त्यांनी खेड्यांतून फिरताना, वीस वर्षेही न लोटलेल्या त्या काळाच्या आठवणी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकल्या. आणि मला वाटते त्यांच्या जमाबंदीतील रोख साऱ्याचा, रयतेच्या हक्कांचा आणि बेगार कमी करण्याचा जो आग्रह आहे त्याचे मूळ या आठवणींत आहे.

बेगारीचा उल्लेख येथे ओघाने आलेला नाही, कारण हिवाळ्याशी तिचा निकटचा संबंध होता. उत्तरेला गिलगिटच्या ठाण्यातील फौजेला रसद पुरवावयाची, तर ती बांदिपूरहून राजदान घाट चढून गुरेझला, आणि तेथून बुर्झिल घाट ओलांडून पुढे न्यावी लागे. आणि हे काम काश्मिरी शेतकऱ्याला गावागावांतून वेठीला धरून करविले जाई. शरदाच्या अखेरीस, जेव्हा त्याने आपले भात मळून घरात आणावयाचे, तेव्हाच त्याच्या पाठीवर फौजेचे धान्य चढे. बर्फात, अपुऱ्या कपड्यांनी, गवती जोड्यांनी गेलेल्यांपैकी अनेक परत आले नाहीत, आणि गिलगिटच्या बेगारीत नाव लागले की घरात रडारड सुरू होई. १८९० नंतरच्या वर्षांत स्पेडिंग कंपनीने गिलगिटचा रस्ता सुधारला, ओझ्याची जनावरे त्यावरून जाऊ लागली, आणि ही वेठ हळूहळू सुटली.

रस्त्यांनी हिवाळ्याचे स्वरूप पालटले. झेलमच्या काठाने येणारा गाडीरस्ता १८९० मध्ये बारामुल्लापर्यंत आणि १८९७ मध्ये श्रीनगरपर्यंत पोचला. बनिहालचा गाडीरस्ता १९२२ साली सर्वांना खुला झाला. धान्य बाहेरून येऊ शकते ही गोष्ट खोऱ्याच्या इतिहासात प्रथमच खात्रीची झाली. तरीही शहरासाठी सरकारने शाली साठवून ठरावीक दराने वाटण्याची प्रथा नव्या रूपात चालूच राहिली, कारण व्यापाऱ्यांनी शरदात साठा करून हिवाळ्यात भाव चढविण्याचा प्रकार पार्थाच्या मंत्र्यांबरोबर संपलेला नव्हता. शालीच्या होड्या ज्या घाटांना लागत तेथेच तिची विक्री होई, आणि त्यामुळे श्रीनगरात रेशनच्या दुकानाला आजही घाट म्हणतात, मग ते नदीपासून कितीही दूर असो.

१९४७ च्या हिवाळ्याने या नव्या भरवशाची परीक्षा घेतली. ऑक्टोबरच्या अखेरीस झेलमच्या काठचा, बारमाही चालणारा रस्ता युद्धामुळे बंद झाला. राहिला तो बनिहाल, जो बर्फात बुजणारा. तांदूळ खोऱ्यात होता, पण मीठ नव्हते. ते पंजाबातील सैंधवाच्या खाणींतून येई आणि त्या खाणी सीमेपलीकडे राहिल्या. ज्या प्रदेशात चहासुद्धा मीठ घालून पितात तेथे मिठाची टंचाई म्हणजे काय, हे बाहेरच्याला एकदम ध्यानात येत नाही. त्या हिवाळ्यातील मिठाचे हाल आजोबा-आजी नातवंडांना सांगत राहिले, लढाईच्या हकिकतीपेक्षाही अधिक तपशिलाने.

बनिहालच्या माथ्याखालून सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा जवाहर बोगदा डिसेंबर १९५६ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर खोऱ्यातील बेगमीच्या सवयीला हळूहळू उतार लागला, आणि तो स्वाभाविकही होता. ताजी भाजी जम्मूहून येऊ लागल्यावर दुध्याच्या फिती कोण वाळवील? परंतु बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी रस्ता बर्फाने आणि दरडींनी बंद पडतच राहिला. दहा दिवस रस्ता बंद राहिला की श्रीनगरात भाव चढत, गॅससाठी रांगा लागत, आणि म्हाताऱ्या बायका सुनांना सांगत की माळ्यावर चार माळा असत्या तर ही वेळ आली नसती. २०१३ साली पीरपंजालाखालून ११ किलोमीटरचा रेल्वेबोगदा, २०२१ साली रस्त्याचा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा, आणि २०२५ साली जम्मूच्या बाजूची रेल्वे थेट खोऱ्याला जोडली जाणे, या क्रमाने ही अडचण पुष्कळच कमी झाली आहे. तरीही वाळलेल्या भाज्यांच्या माळा श्रीनगरच्या बाजारात अजून दिसतात. आता त्या चवीसाठी विकत घेतल्या जातात.

हिवाळ्यात सरकारने सूचना द्यावयाच्या ही कल्पना त्या मानाने अलीकडची. हिमस्खलनाचा अभ्यास करून आगाऊ इशारा देणारी संस्था १९६९ साली मनालीला स्थापन झाली, आणि आज डोंगराळ जिल्ह्यांसाठी धोक्याच्या श्रेणी लावून इशारे प्रसिद्ध होतात. त्यांचे मोल २००५ च्या फेब्रुवारीत कळले. दक्षिण काश्मिरात वाल्टेंगो नाड या डोंगरउतारावरच्या वस्तीवर हिमकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली. आता दर हिवाळ्यात निघणाऱ्या सूचनांत कड्याखालच्या वस्त्यांनी हलावे, छपरावरचे बर्फ वेळेवर उतरवावे, बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवून झोपू नये, असे सांगितलेले असते. आणि ही शेवटची सूचना वारंवार द्यावी लागते, कारण रंग नसलेल्या, वास नसलेल्या विषारी वायूने झोपेतच माणसे गेल्याच्या बातम्या जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात येतात. जुन्या घरांच्या फटींतून वारा येई आणि कागद लावलेली खिडकी पुरती बंद होत नसे. सिमेंटच्या, काचा बसविलेल्या खोलीत तोच कोळसा घातक ठरतो.

या सगळ्या इतिहासातील सर्वांत शहाणी व्यवस्था आज पाहावयाची असेल तर श्रीनगरात न थांबता बांदिपूरहून राजदान घाट चढून गुरेझला जावे. किशनगंगेच्या काठची ही लाकडी घरांची, शीना बोलणाऱ्या लोकांची तहसील हिवाळ्यात कित्येक महिने बर्फाने कोंडलेली असते. पुरवठा खाते तेथे बर्फापूर्वीच पुढच्या पाच-सहा महिन्यांचा तांदूळ आणि पीठ पोचवून ठेवते; जळण, गॅस आणि औषधे त्याच सुमारास जातात; बाळंतपण जवळ आलेल्या बायका घाट बंद होण्यापूर्वी खाली हलतात, आणि ज्यांना मागाहून निघावे लागते त्यांच्यासाठी हेलिकॉप्टरची सवलतीची सेवा असते. केरन, माछिल, करनाह या सीमेलगतच्या खोऱ्यांतही हाच शिरस्ता आहे. या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. हेलिकॉप्टर ढगांमुळे अडते आणि आजारी माणूस हेलिपॅडशी दिवसच्या दिवस बसून राहतो, ही तक्रार खरी आहे. तरीही ज्या राजदान घाटावरून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वेठीला धरलेला शेतकरी दुसऱ्याच्या फौजेचे धान्य पाठीवर घेऊन बर्फात चढला, त्याच घाटावरून आज सरकारी ट्रक पलीकडच्या गावकऱ्यांसाठी तांदूळ घेऊन जातात, आणि ते शरदात जातात. लॉरेन्स यांच्या जमाबंदीच्या कागदांचा जेवढा अभ्यास झाला आहे तेवढाच या तहसिलीच्या पुरवठा-खात्याच्या दप्तराचाही कोणीतरी करावा. कोणत्या वर्षी किती पोती कोणत्या तारखेला घाट ओलांडून गेली, कोणत्या वर्षी उशीर झाला आणि का, हे त्यात वर्षानुवर्षे लिहिलेले सापडेल, आणि पार्थाच्या काळापासून काश्मिरी माणूस जो प्रश्न राज्यकर्त्याला विचारीत आला आहे त्याचे उत्तर पोत्यांच्या संख्येत मिळेल.